उन्हाळी टोमॅटोची फूलगळ: सॅलिसिलिक, एनएए वगैरे फवारण्या उष्णतेत नेमकं काय करतात?

लालचुटूक (धागाकर्ता):

प्रश्न उन्हाळी टोमॅटोचा आहे. पट्टा जुन्नर-नारायणगावचा, लागण फेब्रुवारीतली, ठिबक आणि मल्चिंग दोन्ही. मार्चअखेरीला दुसऱ्या-तिसऱ्या घडाला फुलं भरपूर लागतात, पण दुपारचा पारा ३७-३८ वर गेला की सेटिंग (फळधारणा) थांबतं आणि फुलं देठासकट खाली. दुकानातून सल्ले तीन: एनएए मारा, सॅलिसिलिक ॲसिड मारा, नाहीतर अमुक 'स्ट्रेस टॉनिक' मारा. ही द्रव्यं झाडाच्या आत काय करतात, कधी द्यायची आणि किती, हे कुणी हिशेबासकट सांगेल का? 'रिझल्ट चांगला आहे' याच्या पलीकडचं हवंय.

देठसांधा:

आधी गळलेलं फूल हातात घ्या. टोमॅटोच्या फुलाच्या देठावर मध्येच एक गाठ असते, बोटाच्या पेरासारखी. फूल बरोबर तिथून सुटलं असेल, तुटलेली जागा स्वच्छ असेल आणि झाडावर अजून असलेल्या काही फुलांच्या गाठी पिवळ्या पडलेल्या दिसत असतील, तर ही गळ झाडाने स्वतः केलेली आहे. देठ काळा पडून किंवा कुरतडून मोडला असेल तर रोगकिडीचा विषय, तो इथे नको.

गाठीचा व्यवहार असा. फुलाकडून देठात ऑक्झिन (वाढीचं संप्रेरक) उतरत असतं तोवर गाठीतल्या पेशी इथिलीनला (गळ घडवणारं वायुरूप संप्रेरक) दाद देत नाहीत. फलन झालं की हा ओघ चालू राहतो. फलन फसलं की ओघ आटतो, इथिलीनचं फावतं, सेल्युलेज आणि पॉलिगॅलॅक्टुरोनेज ही विकरं पेशींमधला जोड विरघळवतात आणि फूल सुटतं. एनएए म्हणजे बाहेरून दिलेलं ऑक्झिन. ते गाठ धरून ठेवतं, बस. आतला पराग मेलेला असेल तर फूल झाडावर राहतं, फळही धरतं, पण बी नसलेलं, कोनेदार, आतून पोकळ. हातात घेतलं की वजनातच कळतं.

दुसरी तपासणी: उमललेल्या फुलात पिवळ्या परागकोशांची नळी असते. तिच्या तोंडातून हिरवी कुक्षी बाहेर डोकावत असेल तर उष्णतेने कुक्षीवृंत लांबलाय. अशा फुलात पराग चांगला असला तरी तो कुक्षीवर पडायची मारामार. त्यावर कुठल्याही फवारणीचा इलाज नाही, ते फूल गेलं म्हणायचं.

पेशीपटल:

वरच्या प्रतिसादात गळ कशी होते ते आलंय. पण घोटाळा त्याच्या आधी झालेला असतो, दहा-बारा दिवस आधी.

टोमॅटोत उष्णतेला सगळ्यात नाजूक काळ फूल उमलायच्या साधारण ८ ते १३ दिवस आधीचा. तेव्हा कळी ज्वारीच्या दाण्याएवढी असते आणि आत परागमातृपेशींचं अर्धसूत्री विभाजन चालू असतं. त्या दिवसांत दुपारी ३५च्या वर आणि रात्री २२च्या वर तापमान राहिलं की परागकोशाचं अस्तर वेळेआधीच खचतं, परागाला साखर पोचत नाही, तो रिकामा राहतो. रात्रीचं तापमान लोक बघतच नाहीत. दिवस ३६ आणि रात्र १८ असेल तर निभावतं, दिवस ३४ आणि रात्र २५ असेल तर निभत नाही.

म्हणजे आज गळणारी फुलं दहा-बारा दिवसांपूर्वीच्या उन्हाची आहेत. आज मारलेलं औषध त्यांना वाचवणार नाही. ते उपयोगी पडलंच तर आजच्या ज्वारीएवढ्या कळीला.

आता झाडाच्या आतला संदेश कसा जातो ते थोडक्यात, कारण डोस आणि वेळ दोन्ही त्यावरच ठरतात. पान तापलं की पेशीपटल पातळ होतं, त्यातली दारं उघडून कॅल्शियम आत येतं. हे काही सेकंदांत. मग पटलावरचं एनएडीपीएच ऑक्सिडेज हे विकर थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. ते इथे विष म्हणून नव्हे, निरोप्या म्हणून काम करतं. दरम्यान पेशीतली प्रथिनं उलगडायला लागतात. एरवी एचएसपी ७० आणि एचएसपी ९० ही सांभाळ-प्रथिनं एचएसएफए१ नावाच्या मुकादमाला धरून बसलेली असतात. उलगडलेली प्रथिनं सावरायला ती धावली की मुकादम मोकळा होतो आणि केंद्रकात जाऊन उष्णता-प्रथिनांची जनुकं चालू करतो. तासाभरात संदेश, काही तासांत प्रथिनं तयार. त्यांची 'आठवण' दोन-तीन दिवस टिकते.

सॅलिसिलिक, ॲबसिसिक, इथिलीन, जास्मोनेट ही झाडाची संप्रेरकं या साखळीला वेगवेगळ्या ठिकाणी टेकू देतात. अराबिडोप्सिस या प्रयोगशाळेतल्या रोपात सॅलिसिलिक मोडून टाकणारं जिवाणूचं जनुक घातलं की रोपं उष्णतेत लवकर मरतात. म्हणजे सॅलिसिलिकचा यात हात आहे हे पक्कं. पण 'हात आहे' आणि 'बाहेरून फवारलं की फायदा' यात अंतर आहे. ते अंतर डोसचं.

बांधावरचा:

हे सगळं मान्य. पण शेतकऱ्याला पाचशे रुपयांची बाटली घ्यायची की नाही एवढं सांगा राव.

पेशीपटल:

बाटलीवर घटक आणि टक्केवारी छापलेली नसेल तर घेऊ नका. नुसतं 'हार्मोन्स, एन्झाइम्स, अमिनो' लिहिलेल्या बाटलीचा डोस काढताच येत नाही. एनएए, जिबरेलिक, इथेफॉन ही द्रव्यं कीटकनाशक कायदा १९६८ खाली नोंदलेली असतात आणि जैव-उत्तेजकं २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आली आहेत. दोन्हींच्या लेबलवर घटक छापणं बंधनकारक आहे.

थेंबमाप:

डोसवर येतो. सॅलिसिलिकचा रेणूभार १३८, म्हणजे १ मिलिमोलर = लिटरला १३८ मिलिग्रॅम = १३८ पीपीएम.

१९९८ साली पांढऱ्या मोहरीच्या रोपांवर झालेला एक प्रयोग या विषयात पायाचा मानला जातो. १० ते ५०० मायक्रोमोलर सॅलिसिलिक फवारून मग रोपांना ५५ अंशांचा दीड तास झटका दिला. फवारलेली रोपं जास्त वाचली, पण त्याहून जास्त डोस दिला की फायदा गायब. १० ते ५०० मायक्रोमोलर म्हणजे आपल्या भाषेत दीड ते सत्तर पीपीएम. आणि आपल्याकडे सर्रास १५०-२०० पीपीएम मारतात, वर 'थोडं कडक करा' म्हणतात. डोस चढला की सॅलिसिलिक कॅटालेजला (पेरॉक्साइड मोडणारं विकर) अडवतं, पेरॉक्साइड साचतं, पर्णरंध्रं मिटतात. पर्णरंध्रं मिटली की पान तापतं. ज्यासाठी फवारलं त्याच्या नेमकं उलट.

मोहरीची रोपं बंदिस्त खोलीतली होती हे खरं, शेतात पानावर मेण जाड असतं, आत कमी जातं. तरी टोमॅटोला ४०-५० पीपीएमने सुरुवात करा, ७०च्या वर जाऊ नका.

साठा द्रावण दोन पद्धतीने होतं.

अल्कोहोल पद्धत: १० ग्रॅम सॅलिसिलिक (९९ टक्के, प्रयोगशाळा प्रतीचं) ७०-८० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलवत विरघळवा, मग अल्कोहोलनेच १०० मिली पूर्ण करा. झाला १ मिलीत १०० मिलिग्रॅमचा साठा. १५ लिटरच्या पंपाला ५० पीपीएमसाठी ७५० मिलिग्रॅम, म्हणजे साडेसात मिली. पंपात पाणी भरलेलं असताना, काठीने ढवळत, बारीक धारेने सोडा. रिकाम्या पंपात साठा ओतून वरून पाणी घातलं तर पांढरे स्फटिक पडतात आणि नोझल तुंबतं. या कामाला जवळ विस्तव, बिडी काही नको.

पोटॅश पद्धत: १० ग्रॅम सॅलिसिलिकला हिशेबाने ४.१ ग्रॅम शुद्ध कॉस्टिक पोटॅश लागतं. बाजारातली पापडी साधारण ८५ टक्क्यांची असते, म्हणून ४.८ ग्रॅम. आधी अर्धा लिटर पाण्यात पोटॅश टाका (पाणी पोटॅशवर ओतायचं नाही, गरम होऊन उडतं, चष्मा आणि हातमोजे हवेतच), गार झालं की सॅलिसिलिक थोडं थोडं घालत जा, शेवटी १ लिटर करा. हा साठा लिटरला १० ग्रॅमचा. १५ लिटरला ५० पीपीएमसाठी ७५ मिली.

नुसती पावडर सरळ पंपात टाकणारे पुष्कळ आहेत. सॅलिसिलिक थंड पाण्यात लिटरला जेमतेम दोन ग्रॅम विरघळतं आणि भिजतच नाही, तवंगासारखं वर तरंगतं. पहिल्या ओळीला पाणी जातं, शेवटच्या ओळीला चटका.

लालचुटूक:

पोटॅश पद्धतीत सायट्रिक ॲसिड टाकायचं का? पीएच कमी करा असं सगळे म्हणतात.

थेंबमाप:

पंपात टाका, साठ्यात नको. साठ्याचा पीएच तीनच्या आसपास गेला की सॅलिसिलिक परत पांढरं होऊन खाली बसतं.

पंपाचा पीएच पाचच्या जवळ आणा. कारण मेणातून आत शिरतो तो विद्युतभार नसलेला रेणू. पीएच ५ ला असे रेणू शंभरात एक असतात, पीएच ८ च्या बोअरच्या पाण्यात लाखात एक. म्हणून आपल्या कठीण पाण्यात तोच डोस एका शेतात दिसतो आणि शेजारी दिसत नाही. सायट्रिकचं माप सांगता येत नाही, पाण्यातल्या बायकार्बोनेटवर अवलंबून. बादलीभर पाण्यात चिमूट चिमूट टाकत पट्टी बुडवून बघा, मग पंपाचा हिशेब करा.

कीटकनाशकात मिसळू नका. ताम्रयुक्त आणि लोहयुक्त काहीही बरोबर नको.

मोगऱ्याचा_वेल:

डोकेदुखीची ॲस्पिरिनची गोळी चालते का? व्हिडिओत दाखवतात.

थेंबमाप:

ॲस्पिरिन म्हणजे ॲसिटिल सॅलिसिलिक, रेणूभार १८०. पूर्ण तुटलं तर ३२५ मिलिग्रॅमच्या गोळीतून २४९ मिलिग्रॅम सॅलिसिलिक निघेल, म्हणजे पंपाला तीन गोळ्या. पण ते किती तुटलं ते कळत नाही, गोळीतला स्टार्च गाळणीत अडकतो, वरून बऱ्याच गोळ्यांना आम्लात न विरघळणारं आवरण असतं. कुंडीतल्या चार झाडांना गंमत म्हणून ठीक, एकराला नाही.

खोडकिडा:

एनएएबद्दल वर जरा एकतर्फी लिहिलंय. २०१० मध्ये जपानी गटाने बार्ली आणि अराबिडोप्सिसवर दाखवलं की उष्णतेत परागकोशातलं ऑक्झिनच घटतं आणि बाहेरून ऑक्झिन दिलं तर नरवंध्यत्व टळतं. म्हणजे ऑक्झिन फक्त गाठ धरत नाही, परागही वाचवू शकतं.

देठसांधा:

बरोबर, मुद्दा मान्य. पण तिथे ऑक्झिन परागकोश घडत असताना दिलं होतं. आपल्याकडे एनएए मारतात ती फुलं उमलल्यावर, गळ दिसल्यावर. तेव्हा परागाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. शिवाय बार्लीचं टोमॅटोला जसंच्या तसं लागू करण्याआधी दोन ओळींत करून बघावं.

एनएएचा हिशेबही देऊन ठेवतो, यात फार गफलत होते. ४.५ टक्क्यांच्या द्रावणात १ मिलीत ४५ मिलिग्रॅम असतं. १ मिली साडेचार लिटरला = १० पीपीएम. १५ लिटरच्या पंपाला ३.३ मिली म्हणजे १० पीपीएम, ६.७ मिली म्हणजे २०. बूच भरून टाकलं की १५-२० मिली सहज जातं, म्हणजे ४५-६० पीपीएम. एवढ्या ऑक्झिनने झाड स्वतःच इथिलीन बनवायला लागतं, पानं खाली वळतात, शेंडा पिळवटतो आणि फूल गळायला लागतं. फळबागेत हेच द्रव्य जास्त मात्रेत मुद्दाम फळं विरळ करायला वापरतात, हे लक्षात ठेवा. सिरिंज ठेवा जवळ, बूच मोजमापाचं साधन नव्हे.

पेशीपटल:

इथिलीनचा विषय निघालाच आहे तर एक विचित्र गोष्ट. इस्रायलच्या वोल्कानी संस्थेतल्या टोमॅटोवरच्या कामात उलटंच दिसलं: उष्णतेच्या आधी इथिलीन मिळालेल्या झाडांत पराग जास्त चांगला राहिला आणि इथिलीनची वाट अडवली तर बिघडला. एकच द्रव्य कळीत रक्षक आणि देठाच्या गाठीत घातकी. म्हणून 'हे हार्मोन चांगलं, ते वाईट' ही भाषाच सोडली पाहिजे. (हे वाचून कुणी इथिलीन सोडणारं इथेफॉन मारू नका, फुलं पटापट गळतील.)

किलोपास्कल:

सगळा धागा निरोपांवर चाललाय, पाण्यावर कुणी बोलत नाही.

एक लिटर पाणी वाफ होताना जवळपास २.४ मेगाज्यूल उष्णता घेऊन जातं. पूर्ण पसरलेलं पीक उन्हाळ्यात दिवसाला ६ मिमी पाणी उडवतं असं धरलं तर एकरी २४ हजार लिटर. हा तुमचा कूलर. फवारणीचं पाणी एकरी २०० लिटर, त्यात सॅलिसिलिक १० ग्रॅम. दहा ग्रॅम द्रव्य झाड थंड करत नाही, ते फक्त झाडाला तयारी करायला सांगतं. तयारीचा खर्च झाडानेच करायचा.

३९ अंशाला हवा पाण्याने पूर्ण भरली तर बाष्पदाब ७ किलोपास्कल. आर्द्रता २० टक्के असेल तर प्रत्यक्षात फक्त १.४. म्हणजे तूट साडेपाचच्या वर. इतक्या कोरड्या हवेत मुळांना पाणी कमी पडलं की ॲबसिसिक ॲसिड वाढतं, रंध्रं मिटतात आणि पान हवेपेक्षा गरम होतं. वाफसा असेल तर तेच पान हवेपेक्षा काही अंश थंड राहतं. साधा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या (उत्सर्जकता ०.९५-०.९८ ला लावा), दुपारी एक ते तीनमध्ये सूर्य पाठीशी ठेवून पानांच्या छत्रीवर धरा. माती किंवा मल्चिंगचा कागद नजरेत आला तर आकडा खोटा. पान हवेइतकंच किंवा जास्त गरम दिसलं तर त्या दिवशी कुठलंही संप्रेरक मारू नका. आधी पाणी.

आणि पाणी म्हणजे दुपारी बारा वाजता पाट सोडणं नव्हे. मल्चिंगखाली ठिबकचे दोन हप्ते करा, मोठा पहाटे आणि लहान अकराच्या आसपास. काळ्या जमिनीत सतत चिखल ठेवला तर मुळं गुदमरतात आणि पाण्यात उभं असलेलं झाड दुपारी माना टाकतं. लोक ते बघून आणखी पाणी देतात.

बांधावरचा:

+१. शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

लालचुटूक:

पानं वरच्या बाजूला गोळा होतात, देठ लांबतात, तो व्हायरस की उष्णता?

पेशीपटल:

खालची, जून पानं आधी वळली, जाड-चामडी झाली, पण हिरवीच राहिली आणि शेंडा नीट असेल तर बहुधा उष्णता-पाण्याचं. शेंड्याची पानं बारीक, कडेने पिवळी, वाटीसारखी आणि झाड खुजं असेल तर व्हायरस; तो पसरवणारी पांढरी माशी शोधा.

देठ लांबणं हा आणखी एक निरोप आहे. फायटोक्रोम बी हा प्रकाश ओळखणारा रेणू तापमापकाचंही काम करतो, हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं. उबेत तो निष्क्रिय होतो, पीआयएफ४ हा वाढीची जनुकं चालू करणारा घटक मोकळा सुटतो, ऑक्झिन वाढतं, देठ उंचावतात, पानांमधून हवा खेळते. हे सौम्य उबेचं, २७-३० अंशांचं वागणं. ३८ अंशांचं प्रकरण वेगळं, ते वर आलंय.

विदर्भी_पाणकळा:

भाऊ, टोमॅटो सोडून जरा गव्हाकडं या. आमच्याकडं कापूस उपटून डिसेंबरात गहू पेरतात, फेब्रुवारीत ऊन लागते अन् दाणा बारीक राहते.

थेंबमाप:

गव्हात तारीख आणि वाण आधी, फवारणी नंतर. उशिराला निफाडचे एनआयएडब्ल्यू ३४ आणि १९९४ (फुले समाधान), अकोल्याचा एकेएडब्ल्यू ४६२७ हे वाण आहेत. १५ डिसेंबरच्या पुढं पेरलं तर कुठल्याही बाटलीने भरून निघणार नाही. २०२२ चा मार्च आठवा: १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात उष्ण मार्च, उत्तरेत दाणे भरता भरता गहू होरपळला आणि १३ मे रोजी निर्यातबंदी आली.

फवारायचंच तर पोटरी अवस्थेत एकदा आणि ओंबी पूर्ण बाहेर पडल्यावर एकदा. सॅलिसिलिक ५०-७० पीपीएम. दाणे भरताना १३:००:४५ हे विद्राव्य खत एक ते दोन टक्के, म्हणजे पंपाला १५० ते ३०० ग्रॅम, वेगळं मारा. दोन टक्के कोवळ्या पानावर भर उन्हात मारलं की टोकं भाजतात.

थायोयुरियाही गव्हात वापरतात, ५०० पीपीएम म्हणजे पंपाला साडेसात ग्रॅम. ते झाडाचं स्वतःचं संप्रेरक नव्हे, गंधकाचा थायॉल गट असलेलं रसायन आहे, पेशीतला ऑक्सिडेशनचा तोल सांभाळायला हातभार लावतं असं मानतात. माणसाला मात्र ते चांगलं नाही. मास्क आणि हातमोजे लावल्याशिवाय पुडी फोडू नका.

बीजप्रक्रिया हा स्वस्त पर्याय: ५० पीपीएम द्रावणात गहू ८ तास भिजवून सावलीत मूळ वजनावर येईपर्यंत सुकवा, मग पेरा. हरभऱ्याला एवढा वेळ नको, डाळ फुटते. चार तास पुरे.

मोगऱ्याचा_वेल:

जास्मोनेट, ब्रासिनो, मेलाटोनिन यांचं काय?

पेशीपटल:

जास्मोनेट: मात्रा चुकली की वाढ खुंटते, मिथाइल जास्मोनेट हवेत उडून जातं आणि महाग. सोडा. मेलाटोनिन: अभ्यास पुष्कळ होतात, एकराचा हिशेब अजून जुळत नाही. होमोब्रासिनोलाइड ०.०४ टक्के मिळतं. अर्धा मिली लिटरला म्हणजे ०.२ पीपीएम. द्राक्षात, भाजीपाल्यात वापर आहे, लेबलावर आपलं पीक बघून घ्यावं.

एक इशारा. उबेत झाडाची स्वतःची सॅलिसिलिक बनवायची क्षमता घटते. अराबिडोप्सिसमध्ये २८ अंशाला सॅलिसिलिकची जनुकं चालू करणारा सीबीपी६०जी हा मुख्य घटकच मंदावतो, असं शेंग-यांग हे (हे आडनाव) यांच्या ड्यूक विद्यापीठातल्या गटाने २०२२ मध्ये दाखवलं. म्हणून उन्हाळ्यात जिवाणूजन्य करपा-डाग सोकावतात. याचा अर्थ सॅलिसिलिक फवारलं की रोग थांबेल असा नाही. रोगाचं औषध वेगळं द्यावं लागतं.

मीटरपट्टी:

सगळं ठीक, पण 'रिझल्ट' मोजणार कसा? शेजारच्या शेताशी तुलना नको, वाण वेगळं, पाणी वेगळं. आपल्याच प्लॉटमध्ये चार उपचार घ्या: नुसतं पाणी, ३५ पीपीएम, ७० पीपीएम आणि मुद्दाम १४०. नुसत्या पाण्याच्या ओळीतही तेवढंच अल्कोहोल (किंवा पोटॅश), तेवढंच सायट्रिक आणि तेवढाच स्प्रेडर (थेंब पानावर पसरवणारं द्रव्य) टाका, नाहीतर फरक कशाचा ते कळणार नाही. प्रत्येक उपचार चार ठिकाणी, चिठ्ठ्या टाकून. मध्ये एक ओळ कोरी, तुषार उडतात म्हणून. कडेच्या ओळी मोजायच्या नाहीत.

वेळ: हवामान खात्याचा पाच दिवसांचा अंदाज बघा. मैदानी भागात ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त म्हणजे उष्णतेची लाट. लाटेच्या एक-दोन दिवस आधी, संध्याकाळी पाचनंतर, पानाच्या दोन्ही बाजू ओल्या होतील पण ओघळणार नाही असं फवारा. स्प्रेडर लिटरला पाव ते अर्धा मिली. लाट लांबली तर पाच-सहा दिवसांनी पुन्हा. दुपारी फवारलं तर थेंब सुकून द्रव्य पानावरच राहतं आणि डोस दहापट घट्ट होतो. चटके त्यातूनच.

मोजणी: प्रत्येक तुकड्यात पाच झाडं, दुसरा आणि तिसरा घड. फवारणीच्या दिवशी ज्या घडात कळ्या ज्वारीएवढ्या आहेत त्यालाच लोकरीचा धागा बांधा. कळ्या मोजा, २० दिवसांनी धरलेली फळं मोजा. उमललेल्या फुलांचे घड मोजलेत तर फरक दिसणार नाही आणि तुम्ही म्हणाल औषध खोटं.

पराग तपासायला कॉलेजात सूक्ष्मदर्शक मिळत असेल तर ॲसिटोकार्माइन या लाल रंगद्रव्याचा एक थेंब, सकाळी नऊच्या आत उमललेल्या फुलाचा पराग त्यात झटका. भरलेला पराग गोल आणि लालबुंद, मेलेला फिका, सुरकुतलेला. दोनशे मोजा. रंग घेणारा प्रत्येक पराग रुजतोच असं नाही, म्हणून जमल्यास रुजवणही करा: १०० मिली पाण्यात साखर १० ग्रॅम, बोरिक ॲसिड १० मिलिग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट ३० मिलिग्रॅम. दोन-तीन तासांत नळ्या दिसतात.

पानासाठी सोपी चाचणी गळतीची. पंचिंग मशीनने पानाच्या दहा चकत्या, दोनदा डिस्टिल्ड पाण्यात विसळून २० मिली डिस्टिल्ड पाण्यात, ४५ अंशांच्या पाणीबाथमध्ये एक तास. बाहेर काढून रात्रभर ठेवा, ईसी (पाण्याची विद्युतवाहकता) मोजा. मग तीच बाटली १५ मिनिटं उकळून, गार करून पुन्हा ईसी. पहिला भागिले दुसरा गुणिले शंभर. पेशीपटल जेवढं फाटलं तेवढा आकडा मोठा. विसळायला विसरलात तर कापलेल्या कडांचे क्षार मोजून बसाल. नळाचं पाणी वापरलंत तर काहीच मोजणार नाही.

खोडकिडा:

१४० पीपीएम मुद्दाम का? पीक खराब होईल.

मीटरपट्टी:

चारच तुकडे असतात. आणि जास्त डोसला फायदा उलटतोय हे स्वतःच्या प्लॉटमध्ये दिसल्याशिवाय कुणी कमी डोसवर विश्वास ठेवत नाही.

किलोपास्कल:

माझं मत लिहून ठेवतो, पटलं तर घ्या. ३५-३८च्या तीन-चार दिवसांच्या लाटेत, वाफसा असताना, आधी मारलेल्या सॅलिसिलिकचा फायदा अपेक्षित आहे. ४० वर आणि रात्र २५ वर सलग आठवडाभर असेल तर ३५ टक्क्यांची शेडनेट किंवा लागणीची तारीख, दोनच उपाय. केओलिनची (पांढरी बारीक माती) पाच टक्के फवारणीही पान थोडं थंड ठेवते, फक्त फळावर पांढरं बसतं आणि व्यापारी कुरकुरतो.

लालचुटूक:

सगळ्यांचे आभार. ५० पीपीएमचं पोटॅश पद्धतीने द्रावण केलं. साठा पाण्यासारखा स्वच्छ होता, पण दोनशे लिटरच्या ड्रममध्ये सायट्रिक घालून ढवळल्यावर सगळं फिकट जांभळं झालं. फेकायचं का?

थेंबमाप:

ड्रम लोखंडी आहे ना? सॅलिसिलिक आणि लोह भेटले की जांभळा रंग येतो, सायट्रिकने गंज सुटला असणार. रंगाइतकं सॅलिसिलिक लोहात अडकलं, उरलं किती ते सांगता येणार नाही, म्हणून ते पिकावर नको. प्लास्टिकचा ड्रम घ्या. त्याआधी बोअरच्या पाण्याचा एक ग्लास भरून त्यात दोन थेंब साठा आणि किंचित सायट्रिक टाकून बघा. ग्लासातही जांभळं झालं तर लोह पाण्यातच आहे, मग फवारणीसाठी विहिरीचं नाहीतर टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी वापरा.

लालचुटूक:

ड्रम लोखंडीच आहे. ग्लासात रंग आला नाही.

थेंबमाप:

मग पाणी ठीक आहे. उद्या संध्याकाळी प्लास्टिकच्या ड्रममध्ये नवीन करा आणि ज्वारीएवढ्या कळ्यांना धागे बांधायला विसरू नका.